रिपोर्टात पांढऱ्या पेशी नॉर्मल, मग जखम का भरेना?

प्रश्न : आप्पांना लई वर्षांची शुगर. रोप लावणीत चिखलातला काटा पायात गेला, तीन आठवडे झाले तरी जखम ओलीच. रिपोर्टात पांढऱ्या पेशी 8,900, म्हणजे नॉर्मलच की, खरं डॉक्टर म्हणतात पेशी नीट काम करेनात, इन्शुलिन घ्या. गल्लीत सगळे सांगतात इन्शुलिननं अंगातली ताकद जाते. शुगरच्या गोळ्यांनी पेशी मरतात काय?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : नॉर्मल म्हणजे 4,000 ते 11,000, पण हा झाला नुसता आकडा, पेशी किती आहेत एवढंच तो सांगतो, कामाचं त्यात काहीच कळत नाही. जखमेवर आधी धावतात त्या न्यूट्रोफिल पेशी. जंतू गिळला की त्या आत जहाल रसायनं तयार करून त्याला मारतात आणि त्यासाठी एनएडीपीएच नावाचा माल लागतो, आता रक्तात शुगर चढलेली असली की पेशीत जादा ग्लुकोज शिरतं, त्याचं सॉर्बिटॉल (ग्लुकोजपासून बनणारा साखरेसारखाच पदार्थ) करण्यातच हा माल खर्च होतो, मग जंतू मारायला उरणार काय? शिवाय पेशी जखमेपर्यंत पोचतात पण उशिरा, आणि गिळतातही कमी. त्यात पायाला रक्त कमी, मुंग्या येऊन बधिर झालेलं असेल तर दुखतही नाही.

इन्शुलिननं ताकद जाते हे साफ खोटं. शुगर खाली आली की याच पेशींचं काम सुधारतं. एचबीए1सी ही रक्ततपासणी शुगरची तीन महिन्यांची सरासरी दाखवते, खरं न्यूट्रोफिल फार दिवस जगत नाहीत, रोज नव्या येतात, त्यामुळं तीन महिने वाट बघायची गरज नाही. मेटफॉर्मिन या शुगरच्या नेहमीच्या गोळीनंही पेशी मरत नाहीत, फक्त वर्षानुवर्षं घेतल्यावर बी12 जीवनसत्त्व कमी पडू शकतं, ते एकदा तपासून घ्या.

गुडघेदुखीला कुणी स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलंय का तेही डॉक्टरांना सांगा, त्यानं शुगर आणि पेशींचा आकडा दोन्ही वाढतात.

आणि नॉर्मल आकड्यावर विसंबून राहू नका, शुगरवाल्यांच्या पायात इन्फेक्शन असूनही तो वाढत नाही असं बऱ्याचदा होतं. तीन आठवडे म्हणजे उशीरच झालाय, या आठवड्यातच पाय सर्जनला दाखवा, आणि लाली पसरली, वास आला, बोट काळं पडलं किंवा ताप चढला तर त्याच दिवशी बेळगावला न्या, लावणी राहू दे.