आई मरणाविषयी कविता लिहिते, तेव्हा

घरातले आजारी माणूस मरणाविषयी कविता लिहू लागले की नातेवाईक हमखास विचारतात, ‘हे जिवाचे बरेवाईट करून घेण्याचे लक्षण तर नाही ना?’ हाच प्रश्न घेऊन एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) त्यांच्या सत्तरीच्या आईंना फुफ्फुसाचा कर्करोग होता आणि केमोथेरपी थांबवून पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे आजार बरा करण्याऐवजी त्रास कमी करणारे उपचार, सुरू झाली होती. रिपोर्टांच्या फायलीत आईंची वही सापडताच ‘असले अभद्र लिहू नकोस’ म्हणून त्यांनी ती कपाटात ठेवून दिली, आणि तेव्हापासून आई त्यांच्याशी कामापुरतेच बोलत होत्या.

आईंना एकट्याने भेटल्यावर मी प्रथम सरळ विचारले, की स्वतः जीव द्यावा असे मनात येते का, आणि तसे काही ठरवले आहे का. असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा समज चुकीचा आहे. बहुतेकांना उलट हायसे वाटते. उत्तर ‘हो’ आले असते, तर कविता बाजूला ठेवून मी त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांना गाठले असते आणि घरातल्या गोळ्या मुलाच्या ताब्यात दिल्या असत्या. (अशा वेळी घरच्यांनाही टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर फोन करता येतो.) आईंनी मात्र शांतपणे ‘नाही’ म्हटले आणि वहीविषयी विचारले.

पुढच्या भेटीत मुलाने वही आणली आणि आईंनी स्वतः वाचून दाखवले. एक ओळ अशी होती: ‘घशात नळी, मग विठ्ठलाचे नाव कुठून निघावे?’ वारकरी घरात वाढलेल्या या बाईंना मरणाचे वावडे नव्हते, म्हणून मी एवढेच विचारले, की ही नळी कोणाची. ती त्यांच्या यजमानांची होती. ते व्हेंटिलेटरवर असताना काहीतरी सांगू पाहत होते आणि ते कोणालाच कळले नव्हते. मुलाला जी निराशा वाटली होती, ती खरे तर स्वतःच्या शेवटाविषयी आईंनी दिलेली सूचना होती, आणि गद्यात ती त्या घरात कोणी ऐकून घेतली नसती.

त्यानंतरचे काम बरेचसे व्यवहाराचे होते. धाप लागली तर मॉर्फिनच्या लहान मात्रेने आराम पडू शकतो, हे डॉक्टरांनी आईंना समजावले. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्य केलेले आणि 2023 मध्ये सोपे केलेले वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे स्वतः सांगता येणार नाही अशा वेळी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणारा कागद, आईंनी दोन साक्षीदारांसमोर नोटरीकडे करून घेतले. त्यात निर्णय घेणारी व्यक्ती म्हणून त्यांनी मुलाचे नव्हे, मुलीचे नाव घातले. ऐन वेळी डॉक्टरांना ‘नळी नको’ असे याच्याने सांगवणार नाही, हे त्यांनी त्याच्यासमोरच म्हटले आणि त्यानेही ते नाकारले नाही.