स्लीव्ह सर्जरीला (वजन कमी करण्यासाठी जठराचा मोठा भाग काढण्याची शस्त्रक्रिया) तीन आठवडे झालेत, सगळं मिक्सरमधूनच खायचंय. चवीचं काय करू?

मुगाचं घट्ट वरण पनीरचा तुकडा घालून मिक्सरमधून गुळगुळीत करा आणि जिरं-हिंगाची तुपातली फोडणी गाळून वर घाला. वास-चव तुपात उतरते, जिरं तोंडात येत नाही. एका वेळी चार-पाच चमचेच जातात आणि दिवसाला साधारण ६० ग्रॅम प्रथिनं भरायची असतात, म्हणून पेज मागे, डाळ-दही-अंडं पुढे. पेजेने पोट भरतं आणि हाती काही लागत नाही. बदल हवा तर:

- चक्का, मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड (साखर नको, श्रीखंडाचा मोह आवरा)
- काटे काढून वाटलेलं उकडलेलं पापलेट, वर कोकमाच्या आगळाचे दोन थेंब

पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने, घोट घोट. मात्र डाएटिशियनने अजून पातळच सांगितलं असेल, तर तेच पाळा.