हायड्रोजनला किलोमागे पन्नास रुपये, आमच्या बिलाला काय?

प्रश्न : चवथीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या वाड्यावर तिन्हीसांजेपासून रात्री अकरापर्यंत दिवे नव्हते. माटोळीखाली समईच्या उजेडात आरती केली. नंतर वाचनात आले की केंद्र सरकारने हायड्रोजनसाठी १९,७४४ कोटी आणि छोट्या अणुभट्ट्यांसाठी २०,००० कोटी रुपये ठेवले आहेत. एवढा पैसा तिकडे घालण्यापेक्षा घराघरावर सोलर का बसवून देत नाहीत? यातून आमचे बिल एका पैशाने तरी उतरणार का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : बिलाचे आधी सांगतो. पुढची काही वर्षे तरी नाही उतरणार. आणि चवथीला दिवे गेले त्याचा या दोन्ही योजनांशी संबंध नाही. पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाते ती बहुतेक वेळा तारेवर माडाची झावळ किंवा फांदी पडून. कोरबा, विंध्याचलच्या कोळशावरच्या वीज केंद्रांहून वीज गोव्यापर्यंत पोचलेली असते, ती अडते शेवटच्या दोन-चार किलोमीटरमध्ये. तिथे हवी भूमिगत केबल आणि वेळच्या वेळी झाडांची छाटणी. ती मागणी पंचायतीत लावून धरा. हायड्रोजनचा निधी उद्या रद्द झाला तरी तुमच्या वाड्यावरची झावळ पडायची थांबणार नाही.

सोलरला पैसा नाही, ही तुमची समजूत मात्र बरोबर नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेला ७५,०२१ कोटी मंजूर आहेत, म्हणजे हायड्रोजन अभियानाच्या जवळजवळ चौपट. एक किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा जास्त किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळते. छपरावर दुपारी सावली नसेल तर अर्ज करा. आपल्याकडे कौलारू घराच्या भोवती फणस-आंब्यांची गर्दी असते, म्हणून आधी सावली बघा, मग एजंटाशी बोला.

आता हायड्रोजन. मी एकतीस वर्षे खत कारखान्याच्या अमोनिया विभागात काढली, त्यामुळे हा वायू माझ्यासाठी पेपरातला शब्द नाही. त्याला वास नाही, रंग नाही, आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही. गळती पेटल्याचा संशय आला की जुने ऑपरेटर लांब दांड्याची केरसुणी पुढे धरून हळूहळू चालायचे. केरसुणीचे टोक पेटले की ज्योत कुठे आहे ते कळायचे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका वडीलधाऱ्या ऑपरेटरने ती केरसुणी माझ्या हातात दिली होती.

हे एवढ्यासाठी सांगतो की देशात हायड्रोजन आधीपासूनच लाखो टनांनी तयार होतो. तो जातो मुख्यतः दोन ठिकाणी, तेलशुद्धीकरणात आणि खतात. आपल्या झुआरीनगरच्या खत कारखान्यातही अमोनियासाठी हायड्रोजन लागतो. पूर्वी तो नाफ्थ्यापासून काढत, आता पाइपलाइनने येणाऱ्या नैसर्गिक वायूपासून. या पद्धतीत एक किलो हायड्रोजनमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. शिवाय देशाला लागणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी जवळपास निम्मा परदेशातून येतो.

हरित हायड्रोजन म्हणजे सूर्य-वाऱ्याच्या विजेने पाण्यापासून काढलेला. ४ जानेवारी २०२३ रोजी मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाचा पैसा कसा वाटला आहे ते बघा. १९,७४४ कोटींपैकी १७,४९० कोटी प्रोत्साहन अनुदानाचे. त्यातले ४,४४० कोटी पाण्याचे विघटन करणारी यंत्रे, म्हणजे इलेक्ट्रोलायझर, देशात बनवण्यासाठी आणि १३,०५० कोटी प्रत्यक्ष हायड्रोजन तयार करण्यासाठी. पथदर्शी प्रकल्पांना १,४६६ कोटी. संशोधनाला फक्त ४०० कोटी, आणि ते मला फार कमी वाटतात.

उत्पादनाच्या अनुदानाची पद्धत मला पटते. पहिल्या वर्षी किलोमागे जास्तीत जास्त पन्नास रुपये, दुसऱ्या वर्षी चाळीस, तिसऱ्या वर्षी तीस. कंपन्यांनी लिलावात कमीत कमी अनुदान मागायचे आणि माल निघाला तरच पैसे घ्यायचे. नुसती पायाभरणी करून, फलक लावून काही मिळत नाही. आपल्या खिशातला पैसा जातो आहे, तेव्हा तो किलो मोजून जावा हे बरेच झाले.

पण पन्नास रुपये म्हणजे किती, हा हिशेब कुणी समजावून सांगत नाही. एक किलो हायड्रोजन काढायला पन्नास ते पंचावन्न युनिट वीज लागते. सौर वीज अडीच रुपयांनी मिळाली तरी नुसत्या विजेचेच सव्वाशेच्या वर होतात, यंत्रांवरचे व्याज वेगळे. म्हणजे अनुदानाने थोडा हातभार लागतो, सगळा भार उचलला जात नाही. शिवाय ती वीज खरोखर सूर्याची किंवा वाऱ्याची हवी. ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारने हरित हायड्रोजनची व्याख्या ठरवली, त्यात किलोमागे दोन किलोपर्यंतच कार्बन डायऑक्साइड चालतो. देशाच्या ग्रिडमध्ये आज कोळशाचीच वीज जास्त आहे. तीच वापरली तर किलोमागे पस्तीस-चाळीस किलो निघेल, नैसर्गिक वायूच्या तिपटीहून जास्त. म्हणून कुणी येऊन ‘गोव्यात हायड्रोजन काढू’ म्हटले की माझा पहिला प्रश्न असतो, वीज कुठून आणणार? मोलेच्या जंगलातून वाहिनी न्यायची की नाही यावर आपण इतकी वर्षे भांडलो आहोत. हा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही.

माझ्या मते हा पैसा आधी खतावर लागावा. खतांच्या अनुदानावर केंद्र वर्षाला दीड लाख कोटींच्या वर खर्च करते. हायड्रोजनचे १३,०५० कोटी तर काही वर्षांत मिळून द्यायचे आहेत. २०२५ मध्ये खत कारखान्यांना हरित हायड्रोजनपासूनचा, म्हणजे हरित, अमोनिया पुरवण्यासाठी लिलाव झाले, एकूण ७,२४,००० टनांचे. पहिल्याच लिलावात किलोला ५५ रुपये ७५ पैसे असा भाव निघाला. वर्षभरापूर्वी कुणी हा आकडा सांगितला असता तर माझा विश्वास बसला नसता.

एक अडचण मात्र आहे आणि ती अमोनिया विभागातला माणूस विसरू शकत नाही. युरिया बनवायला अमोनियाबरोबर कार्बन डायऑक्साइडही लागतो. नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढताना तो आयताच मिळतो, पाण्यापासून काढताना मिळत नाही. म्हणून हरित अमोनिया आधी डीएपी आणि मिश्रखतांत जाईल, युरियाची पाळी नंतर. गोव्यातल्या कारखान्यात दोन्ही प्रकार होतात. निदान मिश्रखतापुरता आयात अमोनिया इथे बदलता यावा, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

प्रश्न : मी अकरावीला आहे. कॉलेजच्या प्रकल्पात ‘हायड्रोजन हेच भविष्यातले इंधन’ असे लिहिले आहे. मग आपल्या बसेस, स्कूटर हायड्रोजनवर का नाहीत?
— एक विद्यार्थिनी, मडगाव

उत्तर : बाळ, वाक्यातला ‘हेच’ काढून टाक, बाकीचे राहू दे. कारण तूच मोजून बघ. पंचावन्न युनिट विजेतून एक किलो हायड्रोजन निघतो. त्यात उरते तेहतीस युनिट ऊर्जा. तो दाबून भरायचा, मग गाडीतल्या इंधन घटात त्याची पुन्हा वीज करायची. चाकापर्यंत पोचतात पंधरा-सोळा युनिट. तीच पंचावन्न युनिट बॅटरीत भरली तर चाळीसच्या वर चाकाला मिळतात. पणजीत कदंबच्या विजेवरच्या बसेस धावतात, त्या याच हिशेबाने परवडतात. जिथे बॅटरी चालतच नाही तिथे, म्हणजे खत, पोलाद आणि लांब पल्ल्याची जहाजे यांत, हायड्रोजन हवा. प्रकल्पात जोडण्यासारखी एक गोष्ट सांगतो. भाभा अणुसंशोधन केंद्र पाच मेगावॅट उष्णतेपर्यंतची एक लहान उच्च तापमानाची अणुभट्टी तयार करत आहे, तिच्या उष्णतेने थेट पाण्यापासून हायड्रोजन काढण्यासाठी. वर्गात यावर नक्की चर्चा होईल.

प्रश्न : आम्ही काणकोणला राहतो. कैगाचे अणुवीज केंद्र आमच्यापासून लांब नाही. आता छोट्या अणुभट्ट्या खासगी कंपन्याही बांधणार म्हणतात. आम्हा बायकांना बैठकीत कुणी काही सांगत नाही. घाबरायचे की नाही, तेवढे सांगा.
— एक वाचक, काणकोण

उत्तर : ताई, कैगा तुमच्यापासून सरळ रेषेत पन्नास किलोमीटरच्या आत, काळी नदीच्या काठी आहे. तिथे २२० मेगावॅटच्या चार अणुभट्ट्या आहेत. त्यातली पहिली २०१८ च्या डिसेंबरपर्यंत सलग ९६२ दिवस न थांबता चालली, तेव्हा तो जागतिक विक्रम होता. पण तिच्याच घुमटाचा आतला थर १९९४ मध्ये बांधकाम चालू असताना कोसळला होता, आणि २००९ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये किरणोत्सर्गी ट्रिटियम मिसळल्याने कामगारांच्या शरीरात ते गेले होते. दोन्ही गोष्टी तुम्हाला माहीत असाव्यात. आपत्कालीन नियोजनाचा घेर सोळा किलोमीटरचा असतो, काणकोण त्याच्या बाहेर आहे. रोजच्या जगण्यात घाबरण्यासारखे काही मला दिसत नाही. मी स्वतः तिथे घर घेऊन राहिलो असतो.

मला काळजी वाटते ती वेगळ्या दोन गोष्टींची. एक म्हणजे वेळ. २०२५ च्या अर्थसंकल्पात छोट्या अणुभट्ट्यांच्या संशोधनासाठी २०,००० कोटी जाहीर झाले, २०३३ पर्यंत निदान पाच चालू करायच्या आणि २०४७ पर्यंत देशाची अणुवीज १०० गिगावॅटवर (एक गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट) न्यायची. आज ती नऊ गिगावॅटच्या आतबाहेर आहे. कल्पक्कमची ५०० मेगावॅटची फास्ट ब्रीडर अणुभट्टी २००३ मध्ये ३,४९२ कोटींना मंजूर झाली होती. खर्च दुपटीच्या वर गेला आणि गाभ्यात इंधन भरण्याचा मुहूर्त उजाडला मार्च २०२४ मध्ये. हायड्रोजनला किलो मोजून पैसे मिळतात, अणुभट्टीला आधी द्यावे लागतात. म्हणून दर वर्षी काय बांधून झाले आणि किती उरले, हे लोकांसमोर मांडलेच पाहिजे.

दुसरी गोष्ट म्हणजे भरपाई. अणुअपघाताच्या भरपाईच्या २०१० च्या कायद्यात अपघात झाला तर अणुभट्टी चालवणाऱ्याने १,५०० कोटींपर्यंत भरपाई द्यायची, आणि यंत्रसामग्री सदोष असेल तर त्याला पुरवठादाराकडून वसूल करता येईल, अशी तरतूद होती. भोपाळची आठवण ठेवून ती घातलेली होती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने अणुऊर्जेसाठी नवा ‘शांती’ नावाचा कायदा केला. खासगी कंपन्यांना दार उघडले आणि सदोष यंत्रासाठी पुरवठादाराला धरण्याची ती तरतूद काढून टाकली. आता करारात लिहिले असेल किंवा कुणी मुद्दाम नुकसान केले असेल तरच वसुली. खासगी भांडवल आल्याशिवाय १०० गिगावॅट होणार नाही, हे मला मान्य आहे. पण व्हॉल्व्ह कुणी बनवला याची जबाबदारी ठरलेली असली की तो व्हॉल्व्ह किती काळजीने बनतो, हे मी कामावर असताना पाहिले आहे. ही तरतूद काढायला नको होती.

आता तुमच्या हातात काय आहे ते. कैगाभोवतीच्या पाण्याचे, माशांचे, भाजीचे नमुने तिथली पर्यावरण प्रयोगशाळा नियमित तपासते. त्याचा गोषवारा मराठीत आणि कोंकणीत काणकोण तालुक्यातल्या पंचायतींना दर वर्षी मिळावा, असा ठराव तुमच्या ग्रामसभेत मांडा. बायकांनीच मांडा. मसुदा मी लिहून देतो, माहितीच्या अधिकाराचा अर्जही सोबत जोडतो. पुढच्या ग्रामसभेचा रविवार कुठला ते संपादकांकडे कळवा, म्हणजे त्याआधी तो तुमच्या हातात पडेल.