'कुरकुर कोपरा'ची पाटी: फॉन्ट कुठला आणि कुठवर

कोथरूडमधल्या खाऊच्या दुकानाच्या पाटीला, 'कुरकुर कोपरा' या नावासाठी, हाताने काढल्यासारखा खेळकर फॉन्ट हवाय आणि तोच मेनूकार्डालाही वापरायचाय, असं तुम्ही विचारलंय. पाटीला जरूर वापरा. मेनूकार्डाला नको.

पाटीसाठी मी 'मोदक' घेईन. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेच्या या फॉन्टमधली अक्षरं इतकी गुबगुबीत आहेत की आतल्या पोकळ्या नुसत्या फटीएवढ्या उरतात. फूटभर उंचीला ते फार गोड दिसतं. मेनूवर बारीक 'कडबोळी' छापलीत तर फटी शाईने बुजतील. तिथे 'मुक्ता' लावा, त्यात बारीक ते जाड अशी सात वजनं (अक्षरांच्या रेघेच्या जाड्या) मिळतात. रंगाऱ्याच्या ब्रशचा बाज हवा असेल तर 'यात्रा वन' बघा, तो रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घेतलाय. तिन्ही मोफत आहेत, परवाना खुला आहे, धंद्यासाठीही चालतात.

खरी मेख पुढे आहे. तुमच्या नावात क तीनदा आणि र तीनदा येतो. हाताने लिहिणाऱ्याचे तीन क कधीच सारखे येत नाहीत. फॉन्ट मात्र एकच क तीनदा ठेवतो आणि हाताने काढल्याचा भास तिथेच संपतो. अक्षररेखाटनकार कमल शेडगे नाटकांची नावं रेखाटायचे तेव्हा अक्षर त्या नावापुरतंच घडायचं. ते सगळं फॉन्टमध्ये येणार नाही, पण थोडं आणता येतं. कोरलमध्ये (कोरलड्रॉ या चित्रं-पाट्या आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये) नाव टाइप करा, शुद्धलेखन दोनदा तपासा (नंतर दुरुस्ती करता येत नाही), मग कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचे हवे तसे वळवता येणारे आकार करा. दुसऱ्या 'कु'चा उकार पुढच्या र च्या पायाखाली सरकेल इतका लांबवा. 'कोपरा'तल्या क चं पोट किंचित फुगवा. एवढं पुरे. अक्षरं तिरकी मात्र करू नका. मी एका बारशाच्या पत्रिकेत ती उड्या मारताना दाखवायला गेलो, तर प्रत्येक सांध्यावर शिरोरेषेला पायरी पडली आणि सगळी रेघ पुन्हा हाताने काढावी लागली.

दुसरा फॉन्ट आवडला तर आधी 'तिखट पुऱ्या' आणि 'शेंगदाणा लाडू' टाइप करून बघा. कच्च्या फॉन्टात ऱ्या तुटतो किंवा रफार होऊन 'पुर्या' उमटतं. ल आणि श हिंदी वळणाचे निघतात. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श दिलाय. आपल्या पाटीवर आपलंच वळण हवं, याबद्दल मी हट्टी आहे.

फ्लेक्सवाल्याकडे फाइल देण्याआधी नाव खऱ्या मापात साध्या कागदांवर छापून शटरवर चिकटवा आणि रस्त्याच्या पलीकडून वाचा. दिवे लागल्यावर पुन्हा एकदा वाचा. प आणि रा लांबून एकमेकांत मिसळत असतील, तर मधली जागा थोडी वाढवून शिरोरेषा तेवढी ओढून घ्या.