जॅझ कुठून सुरू करू विचारलंस म्हणून

अरे जॅझ म्हणजे पियानो, सॅक्सोफोन आणि मधेच शूबीडूबी असं डोक्यात घेऊन बसलायस ना, मीपण तसाच होतो. कसांड्रा विल्सन या गायिकेचा १९९३ चा 'ब्लू लाइट टिल डॉन' लाव आधी. ब्लू नोट या जॅझवाल्या रेकॉर्ड कंपनीचा अल्बम, पण आत जोनी मिचेल, व्हॅन मॉरिसन या फोक-रॉकवाल्यांची गाणी, रॉबर्ट जॉन्सनचे जुने ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची जुनी दुखरी गाणी, यादी बघूनच मी म्हटलं हे कसलं जॅझ, नुसती कव्हरं तर आहेत. मग पहिलंच गाणं लागलं, तसं जुनंच स्टँडर्ड, म्हणजे जॅझवाले पिढ्यान्‌पिढ्या गातात तसलं गाणं, पण पियानो गायब, गिटार आणि व्हायोलिन, आणि बाई खर्जात इतक्या सावकाश गातात की ओळ संपली तरी आवाज खोलीत रेंगाळतो, गप्पच झालो. बाई मिसिसिपीतल्या जॅक्सनच्या, म्हणजे ब्लूजच्या माहेरच्याच, त्यामुळे ब्लूज उसना आणलेला वाटत नाही. फक्त मोबाइलच्या स्पीकरवर नको ऐकूस, तो खालचा आवाज पार मरतो त्यात, साधे हेडफोन चालतील. पहिल्या फटक्यात नाही आवडलं तर दोन दिवसांनी रात्री परत लाव. बीबॉपचं, म्हणजे त्या वेगवान, गुंतागुंतीच्या जॅझचं, नंतर बघू.