हिरव्या विंगचे चार लाख आणि निवृत्तीनंतरचे एकवीस

बेळगावच्या शहापूरहून एका वाचकाचं पत्र आहे. वय 46, उद्यमबागेतल्या फाउंड्रीत सुपरवायझर, हातात महिन्याला 68 हजार. शहराच्या कडेला होणाऱ्या इमारतीत 900 चौरस फूट कार्पेटचा फ्लॅट साध्या विंगमध्ये 43 लाखांना आणि 'ग्रीन' विंगमध्ये 47 लाखांना मिळतो. विक्रीवाला सांगतो: कार्बन निम्मा, वीजबिल निम्मं, वर कार्बन क्रेडिटचे, म्हणजे वाचवलेला कार्बन विकून, वर्षाला 20 हजार. त्यांनी विचारलंय एवढंच, की जादा 4 लाख वसूल होतील का?

नाही होणार. आधी 'निम्मा' म्हणजे कशाच्या निम्मा ते बघू. माहितीपत्रकातला आकडा फक्त वापरातल्या विजेचा आहे: दिवे, लिफ्ट, पंप. इमारतीचा जन्मभराचा हिशेब खाणीपासून सुरू होतो. माल बनवणं, वाहतूक, बांधकाम, पुढची 50-60 वर्षं वापर आणि दुरुस्ती, शेवटी पाडकाम. ईएन 15978 या युरोपीय मानकात हे टप्पे वेगवेगळे मांडतात, ते याचसाठी.

जिना-लॉबी धरून तुमच्या वाट्याला 1200 चौरस फूट बांधकाम येईल. साइटवरचा ढोबळ हिशेब असा: चौरस फुटाला 0.4 पोतं सिमेंट आणि 4 किलो सळई. म्हणजे 480 पोती, 24 टन सिमेंट, आणि पावणेपाच टन सळई. ओपीसी, म्हणजे साध्या पोर्टलँड सिमेंटच्या किलोमागे 0.9 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धरला तर 21-22 टन झाले. सळईच्या टनाला अडीच टन धरा, 12 झाले. विटा, टाइल्स, अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या यांचे आणखी 8-10. चाळीस टन झाले आणि तुमच्या हातात अजून किल्लीही नाही. घरात महिन्याला 150 युनिट वीज जाळलीत तर युनिटमागे 0.7 किलोने वर्षाला जेमतेम सव्वा टन होतो.

विंग खरोखर हिरवी असेल तर ते सिमेंटमध्ये दिसलं पाहिजे. फ्लाय अ‍ॅश (कोळशाची राख) मिसळलेलं पीपीसी सिमेंट वापरलं की किलोमागचा आकडा 0.6 च्या घरात येतो आणि तुमच्या फ्लॅटपुरते 7 टन वाचतात. पण पीपीसीला ताकद यायला वेळ लागतो. आयएस 456 प्रमाणे ओपीसीवर किमान 7 दिवस पाणी मारायचं, मिश्र सिमेंटवर किमान 10. स्लॅबची घाई असलेला बिल्डर इथेच ओपीसीवर जातो किंवा पाणी लवकर बंद करतो, आणि मग तडे, मग गळती. म्हणून दोन कागद मागा: विंगनिहाय बीओक्यू, म्हणजे कुठला माल किती लागणार त्याची यादी, आणि सिमेंट-सळईचं ईपीडी, म्हणजे त्रयस्थाने तपासलेलं पर्यावरणाचं पत्रक. दोन्ही विंगांना एकाच मिक्सचं काँक्रीट पडत असेल, तर हिरवा आहे तो फक्त रंग.

बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर आहे. तुमच्याकडे एसी नाही, पंखे आहेत. निम्मं बिल होणार तरी कशाचं? सोलर हीटरमुळे गिझर सुटला तर 30 टक्के वाचतील, वर्षाला 540 युनिट, तीन-सव्वातीन हजार रुपये. गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटकच्या मोफत विजेच्या योजनेत, तुमचं बिल शून्यच येत असेल, तर शून्याच्या निम्मं शून्य. तिकडे जादा 4 लाखांवर गृहकर्जाच्या साडेआठ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचं व्याज 34 हजार.

क्रेडिटचं तर हसू येतं. 540 युनिट म्हणजे 0.4 टन. टनाला हजार रुपये मिळाले असं धरलं तरी वर्षाला 400. अर्धा किलो कुंदा येईल. आणि 2023 साली अधिसूचित झालेली देशातली क्रेडिट योजना मुळात सिमेंट, अ‍ॅल्युमिनियमसारख्या कारखान्यांना उद्दिष्टं घालून देणारी आहे, तुमच्या फ्लॅटला वर्षाला चेक पाठवणारी नाही.

आता 45 लाखांची रेघ, जी विक्रीवाल्याने दाखवली नाही. 90 चौरस मीटर कार्पेटच्या आतला आणि 45 लाखांपर्यंतचा फ्लॅट असेल तर बांधकाम चालू असताना जीएसटी 1 टक्का, त्यावर गेला की 5. कर्नाटकात फ्लॅटच्या पहिल्या नोंदणीला मुद्रांक शुल्कही 20 लाखांवर, 45 लाखांपर्यंत 3 टक्के, पुढे 5. साध्या विंगला 43 हजार आणि 1 लाख 29 हजार. ग्रीनला दोन्हीकडे 2 लाख 35 हजार. फरक तीन लाखांचा! तुमचे 4 लाख प्रत्यक्षात 7 आहेत. पार्किंग आणि क्लबचे पैसेही जीएसटीच्या किमतीत धरतात, त्यामुळे 43 चे कधी साडेपंचेचाळीस होतात तेही बघा. 'वरचे वेगळ्या करारात दाखवू' असं कुणी म्हणालं तर तिथून उठा.

हे झालं विचारलेलं. पत्राच्या तळाशी जे जाता जाता लिहिलंय ते जास्त महाग आहे: पीएफचे 12 लाख काढणार, 35 लाखांचं कर्ज 20 वर्षांसाठी घेणार, आणि शहापूरचं कौलारू घर 'भाव येईपर्यंत' कुलूप लावून ठेवणार.

12 आणि 35 मिळून 47 होतात. जीएसटी आणि मुद्रांकाचे 4 लाख 70 हजार आणि वर नोंदणी फी, हे कुठून आणणार? हप्ता 30 हजार 400, म्हणजे पगाराचा 45 टक्के. तुम्ही 58 व्या वर्षी निवृत्त व्हाल तेव्हा 21 लाख कर्ज शिल्लक असेल आणि पीएफमधले हे 12 लाख गेलेले. तेच 12 लाख न हलवता 8.25 टक्क्यांनी राहिले तर तोवर 31 लाख होतात. हा दर टिकेलच असं नाही, पण दोन बाजूंमधलं अंतर तुम्हाला दिसतंय.

आणि कुलूप? कौलारू घर माणसांवर टिकतं. एक कौल सरकलं की एका पावसाळ्यात रीप आणि वासा कुजतो, मग ओल भिंतीत उतरते. बेळगावच्या पावसात अशा घराला भाव येत नाही, नोटीस येते. कार्बनचं गणितही इथेच फसतं. ते चौरस मीटरमागे काढतात, कुटुंबामागे नाही. एका कुटुंबाने दोन घरं अडवली तर कुठल्याच प्रमाणपत्राला ते दिसत नाही. जुन्या भिंतींचा कार्बन मात्र केव्हाच खर्च होऊन गेला आहे.

घर सोडायची कारणं तुम्ही दोन दिलीत: गळती, आणि गाडीला जागा नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावून पाया आणि भिंती तपासून घ्या. त्या धड असतील तर वासे बदलणं, कौलं उतरवून पुन्हा बसवणं, वायरिंग आणि सोलर हीटर यांचा अंदाज ठेकेदाराकडून लेखी घ्या. तो 10 लाखांच्या वर गेला तर मला पुन्हा लिहा. गाडीची जागा भाड्याने घ्या. त्याआधी उताऱ्यावरचं वडिलांचं नाव बदलून सगळ्या वारसांच्या संमतीने ई-खाता, म्हणजे पालिकेतली मालमत्तेची ऑनलाइन नोंद, करून घ्या. तो नसेल तर घर ना विकता येईल, ना तारण ठेवता येईल.

टोकनचे 51 हजार दिलेत, करार नोंदवलेला नाही. रेरा कायद्याप्रमाणे नोंदलेल्या कराराशिवाय बिल्डर 10 टक्क्यांहून जास्त घेऊ शकत नाही, म्हणून आता आणखी एक रुपयाही देऊ नका. अर्जावरच्या रद्द करण्याच्या अटी वाचा आणि पैसे लेखी परत मागा. सगळे बुडाले तरी ते ग्रीन विंगच्या जादा 4 लाखांचं दीड वर्षाचं व्याज आहे.