कोरोनाच्या काळात बाळंतिणींशी दवाखान्यातले लोक तुसडेपणाने वागले, ते साथीमुळे माफ करायचं का?

2021 च्या एप्रिलमध्ये तुमच्या बहिणीला कळा सुरू असताना रिपोर्ट येईपर्यंत बाहेर बाकावर बसवून ठेवलं, आईला आत येऊ दिलं नाही, ओरडली तर दटावलं. हे समजून घ्यायचं का, असं तुम्ही विचारलंय. मी तेव्हा जळगाव जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात लेबर रूमला स्टाफ नर्स होते. आमची भीती समजून घ्या, वागणूक नको.

भीती खरी होती. मे महिन्यात आपल्याकडे पारा 44-45 ला जातो, त्यात अंगावर प्लॅस्टिकचा किट. घाम बुटात उतरायचा, चष्म्यावर वाफ धरायची. घरी गेल्यावर लेकराला जवळ घ्यायची सोय नव्हती. पण कळा देणाऱ्या बाईवर खेकसणं कोरोनाच्या आधीपासूनचं आहे. एक-दोनदा ते माझ्याही तोंडून झालंय आणि त्याची मला आजही लाज वाटते. साथीने त्याला निमित्त दिलं, एवढंच.

सोबतीचं म्हणाल तर, बाई बाधित असली तरी तिच्या पसंतीचं माणूस जवळ असावं, बाळाला अंगावर पाजू द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने साथीतही सांगितलं होतं. लेबर रूममधली सेवा सुधारण्यासाठीच्या केंद्र सरकारच्या 2017 च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही सोबतीण आणि पडदा दोन्ही आहेत. आमच्याकडे दोन टेबलांमध्ये पडदाच नव्हता. एकीची सासू आत आली की दुसरी उघडी पडायची, म्हणून सगळ्यांनाच बाहेर काढायचे. शेवटी आम्ही दोरी बांधून जुन्या चादरी टाकल्या आणि मास्क लावून प्रत्येकीच्या एकेका सोबतिणीला आत घेतलं. ते पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं.

पारोळ्याकडची एक पहिलटकरीण अजून डोळ्यांसमोर आहे. तपासायला गेले की पाय आखडून घ्यायची. किटावर मार्करने माझं नाव लिहिलेलं होतं, पण तिला वाचता येत नव्हतं. तिला नुसते पांढरे झगे दिसत होते. मी खाली वाकून अहिराणीत विचारलं, “तुनं नाव काय शे माय?” तिने सांगितलं. म्हटलं, “मी आठेच शे. आते हात लावस, दुखनं ते सांग.” म्हणजे मी इथेच आहे, आता हात लावते, दुखलं तर सांग. तिने माझं मनगट धरलं आणि पाय सैल सोडले. सगळं मिळून अर्धा मिनिट गेला असेल. नाव विचारायला, हात लावण्याआधी सांगायला कोणता किट आडवा येतो?

बहिणीची पुढची खेप असेल तर नाव नोंदवतानाच विचारून ठेवा की आत सोबत कोण राहू शकेल. आणि ती त्या दिवसाचं बोलू लागली तर “बाळ सुखरूप आहे ना, मग झालं” असं तिला म्हणू नका. पूर्ण बोलू द्या.